जुन्या डिस्कव्हरीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी स्टील पॅनचा सर्व्हिस संच

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ च्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सर्व्हिस घरच्या घरी करू पाहणाऱ्यांसाठी तयार संच मिळतात. त्यांपैकी स्टीलचा ऑइल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाशी बसणारे ऑइलचे भांडे) असलेला एक संच गाडीला बसवून आणि त्यानंतर बराच काळ गाडी चालवून मगच हे परीक्षण लिहीत आहे. संच विकणाऱ्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण जवळजवळ याच सामानाचे संच अनेक जण विकतात आणि वाचकाने डब्यावरच्या नावापेक्षा डब्यातल्या वस्तूंकडे पाहावे, हे अधिक उपयोगाचे आहे. मत आधीच सांगून टाकतो : पॅन उत्तम, फिल्टर चांगला, ऑइल योग्य, सूचनापत्रक मात्र इतके अपुरे, की केवळ त्यावर विसंबून काम केले तर नवे ऑइल घालूनही गिअरबॉक्स पूर्वीपेक्षा वाईट चालू शकेल.

डिस्कव्हरी ३ ही गाडी २००४ साली आली आणि २००९ पर्यंत बनत राहिली. उत्तर अमेरिकेत ती एलआर३ या नावाने विकली गेली. डिझेल असो वा पेट्रोल, तिच्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ६एचपी२६ हाच असतो. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये तो प्रथम आला, पुढे एक्स५, रेंज रोव्हर, जॅग्वार, ऑडी ए८ अशा अनेक गाड्यांत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या बसल्या आणि फोर्डनेही याच रचनेवर आधारलेले गिअरबॉक्स परवान्याने बनवले. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.१७१ आणि सहाव्याचे ०.६९१ असल्यामुळे सुमारे अडीच टनांची ही गाडी उभा चढही सहज चढते आणि सरळ रस्त्यावर तिचे इंजिनही शांत राहते. हे सारे तीन क्लच आणि दोन ब्रेक अशा केवळ पाच घटकांच्या जुळण्यांतून साधलेले आहे. घरी सर्व्हिस करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ऑइलचा दाब वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी आणि तिला हुकूम देणारा संगणक ही दोन्ही मेकाट्रॉनिक नावाच्या एकाच जोडणीत, ऑइल पॅनच्या वर, ऑइलच्या सान्निध्यात बसवलेली असतात. त्यामुळे इथले ऑइल म्हणजे केवळ वंगण नव्हे. क्लच दाबण्याचे काम तेच करते, टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणाऱ्या भागातून, इंजिनची शक्ती तेच पुढे नेते, उष्णता कूलरपर्यंत तेच वाहून नेते आणि इलेक्ट्रॉनिक्सलाही आयुष्यभर त्याच्याच संगतीत राहावे लागते.

असे हे ऑइल 'आजीवन' आहे, ते बदलायचे नसते, असे अनेक कारनिर्मात्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. आजीवन म्हणजे नेमके कोणाचे जीवन, हे मात्र कोणी स्पष्ट केले नाही. स्वतः गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफची शिफारस अशी आहे, की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदलावे, आणि ट्रेलर ओढणे किंवा सतत फार वेगाने चालवणे असा वापर असेल तर त्याहून लवकर. सर्वांत शेवटी बनलेल्या डिस्कव्हरी ३ ची आठ वर्षेही केव्हाच उलटून गेली आहेत, त्यामुळे जिचे ऑइल आजवर कोणी बदललेच नाही अशी गाडी हाती आली, तर ते बदलावे की नाही यावर वाद घालण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आता पॅनकडे वळू, कारण या संचाची खरी किंमत पॅनमध्येच आहे. कारखान्यातून येणारा पॅन प्लॅस्टिकचा असून फिल्टर त्याच्या आत कायमचा बसवलेला असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदलावा लागतो. तेवढ्यावर भागले असते तर तक्रार नव्हती. मेख अशी आहे, की त्या फिल्टरची मान वर गिअरबॉक्सच्या आत बरीच खोल गेलेली असते आणि ती मोकळी व्हायची तर पॅन सरळ खाली पुरेसा उतरावा लागतो. या गाडीत मात्र नेमका तिथेच चॅसीचा आडवा दांडा आडवा येतो. मग एक तर माउंटिंग सैल करून इंजिन आणि गिअरबॉक्स जॅकने थोडे उचलायचे, नाही तर पॅन जितका उतरेल तितका उतरवून फटीतून हॅक्सॉचे पाते घालायचे आणि फिल्टरची मान कापून काढायची. जुना पॅन टाकूनच द्यायचा असल्यामुळे मान कापण्यात नुकसान काही नाही. परंतु नवा पॅनही प्लॅस्टिकचाच घेतला, तर तो वर चढवताना हीच अडचण उलट्या दिशेने समोर येते आणि त्याची मान काही कापता येत नाही. स्टीलच्या पॅनमध्ये फिल्टर वेगळा असतो. तो आधी हाताने वर दाबून बसवायचा आणि मग उथळ, मोकळा पॅन त्याखाली सरकवायचा, इतके ते सोपे होते. शिवाय पुढच्या सर्व्हिसला पॅन तोच राहतो. केवळ फिल्टर आणि गॅस्केट (जोडातून ऑइल गळू न देणारी पट्टी) नवे लागते. उष्णतेने प्लॅस्टिकची कड हळूहळू वाकते आणि मग कडेने ऑइल पाझरू लागते, तो त्रासही कमी होतो. धातूचा पॅन गिअरबॉक्स थंड ठेवतो असेही जाहिरातीत म्हटले जाते. मला तरी तापमानात नोंद घेण्याजोगा फरक दिसला नाही, आणि गाडीच्या पुढच्या बाजूला वेगळा कूलर असताना तो दिसावा अशी अपेक्षाही नव्हती.

संचात पॅन, गॅस्केट, फिल्टर, नवी लोहचुंबके, ड्रेन प्लग (ऑइल काढण्याच्या भोकाचे बूच), मेकाट्रॉनिकच्या कनेक्टरची स्लीव्ह, २१ आखूड बोल्ट आणि लाइफगार्ड फ्लुइड ६ या ऑइलच्या एक-एक लिटरच्या सात बाटल्या निघाल्या. बोल्ट आखूड का, याचा खुलासा सूचनापत्रकात कुठेही नाही, आणि ही मोठीच चूक आहे. प्लॅस्टिकच्या पॅनची कड जाड असते, त्यामुळे त्याचे मूळ बोल्ट लांब असतात. स्टीलची कड पातळ असते. जुनेच लांब बोल्ट 'अजून चांगले आहेत' म्हणून वापरले, तर ते भोकाच्या तळाला जाऊन टेकतात, हाताला बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटते आणि गॅस्केटवर मात्र पुरेसा दाब बसत नाही. आणखी जोर लावला तर अॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेलेच म्हणून समजावे. इतक्या महत्त्वाच्या बोल्टची पुडी संचाच्या तळाशी, कोणतेही लेबल नसलेल्या पिशवीत, पॅकिंगच्या कागदात गुंडाळलेली होती. फिलर प्लग (ऑइल भरण्याच्या भोकाचे बूच) किंवा त्याचे सील संचात नाही. ते वेगळे मागवून जवळ ठेवावे. माझ्या पॅनच्या कडेवर रंगाचा एक वाळलेला ओघळही होता, जो बारीक पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय गॅस्केट सपाट बसले नसते. दिसायला या क्षुल्लक गोष्टी आहेत, पण गॅस्केटखाली आलेला एवढासा उंचवटाही ऑइलला वाट करून देतो.

कामाच्या जागेबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. ही गाडी बहुतेक वेळा एअर सस्पेन्शनवर उभी असते आणि सस्पेन्शन वरच्या पातळीला नेले की खाली सरपटत जाण्याइतकी जागा सहज मिळते, त्यामुळे जॅक-स्टँड न लावता काम उरकण्याचा मोह होतो. तो मोह जिवावर बेतू शकतो, कारण हवा सुटली की गाडी कोणतीही सूचना न देता खाली बसते. दुसरीकडे, चॅसीखाली चार स्टँड लावून चाके अधांतरी ठेवली, तर ऑइलची पातळी तपासताना गिअर बदलावे लागतात तेव्हा चारही चाके फिरू लागण्याची शक्यता असते आणि त्या वेळी आपण नेमके गाडीखाली असतो. म्हणून सर्व्हिस पिट किंवा चार मजबूत रॅम्प, ज्यांवर चाके टेकलेलीच राहतील, हीच व्यवस्था मला पटते. त्याला जोडून चॅसीखाली स्टँडही असावेत. गाडी पुढून-मागून आणि डावीकडून-उजवीकडून सपाट हवी. नजरेच्या अंदाजावर न जाता दाराच्या उंबऱ्यावर लेव्हल बॉटल ठेवून खात्री करावी, कारण ऑइलची पातळी एका बाजूच्या भोकातून ठरवायची असते आणि गाडी कलली की ती पातळीही खोटी ठरते.

पॅनला हात लावण्यापूर्वी फिलर प्लग सैल होतो की नाही, हे पाहणे हा या कामाचा पहिला नियम आहे. आधी ऑइल काढून टाकले आणि नंतर लक्षात आले, की अनेक वर्षांत न उघडलेला फिलर प्लग जागचा हलतच नाही, तर गाडी जिथे आहे तिथेच अडकून पडते. तो गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, एक्झॉस्टचा पाइप जवळून जातो आणि पाना फिरवायला जागा बेताचीच मिळते. सूचनापत्रकाने मात्र पहिल्याच ओळीत 'ऑइल काढा' असे सांगून सुरुवात केली आहे.

ड्रेन प्लगमधून आणि नंतर पॅन उतरवताना मिळून पाच-सहा लिटर ऑइल निघते. ते काळपट असेल म्हणून लगेच घाबरू नये; इतक्या किलोमीटरनंतर ते काळे पडणे स्वाभाविक आहे. जळकट वास मात्र गंभीरपणे घ्यावा. खरी हकीकत पॅनच्या तळाशी चिकटलेली लोहचुंबके सांगतात. माझ्या गाडीच्या चुंबकांवर राखाडी रंगाचा दाट लेप जमलेला होता. बोटांत धरून चोळला तर तो काजळासारखा मऊ लागत होता, कुठेही खरखर नव्हती, आणि पांढऱ्या फडक्यावर पुसून उजेडात धरल्यावर त्यात एकही चकाकणारा कण दिसला नाही. असा लेप म्हणजे वर्षानुवर्षांची सर्वसाधारण झीज. टोचणारे कण किंवा लोखंडाचे तुकडे दिसले, तर गिअर किंवा बेअरिंगचे काहीतरी बिघडले आहे. आणि पिवळसर, पितळी छटेची चमक ऑइलमध्येच तरंगत असेल, तर ती चुंबकाला चिकटत नाही, बुशिंगची झीज असल्याची शक्यता असते आणि ती फडक्यावर ऑइल गाळल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी नवे ऑइल ओतून पॅन बंद करणे म्हणजे वरवरची मलमपट्टी ठरेल.

संचातली सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे कनेक्टरची प्लॅस्टिक स्लीव्ह. गाडीच्या वायरिंगचा गोल प्लग बाहेरून जिथे मेकाट्रॉनिकला जोडला जातो, तिथे ही नळकांड्यासारखी स्लीव्ह केसिंगच्या भोकात बसते आणि तिच्यावरच्या रबरी कड्या ऑइल अडवून धरतात. उष्णतेने या कड्या कडक होतात, ऑइल झिरपते, केसिंगवरून ओघळत पॅनच्या कडेपर्यंत येते आणि तिथून ठिबकते. पाहणाऱ्याला वाटते पॅनचे गॅस्केट गेले. मग गॅस्केट बदलले जाते, ठिबकणे तसेच राहते आणि रोग एक, औषध भलतेच असा प्रकार होतो. पॅन उतरलेला असतानाच ही स्लीव्ह बदलता येते : बाहेरचा प्लग फिरवून काढायचा, आतल्या बाजूने तिला अडकवून ठेवणारी सरकती खीळ खाली ओढायची आणि स्लीव्ह बाहेरून सरळ खेचून घ्यायची. नवीचे रबर स्वच्छ ऑइलने ओले करून ती बसवावी. त्या वेळी मेकाट्रॉनिकच्या उघड्या पिनांना बोट लावू नये, कारण अंगातल्या स्थिर विजेचा एक झटकाही आतल्या संगणकाला पुरेसा ठरू शकतो. बॅटरी आधीच सोडवून ठेवावी आणि केसिंगच्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवावी. संचाच्या कागदावर या स्लीव्हचे चित्र आहे, खिळीचा उल्लेख मात्र नाही, आणि खीळ न काढता ओढाताण केली तर ती तुटलीच.

फिल्टर बसवताना एक ठिकाण डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. जुन्या फिल्टरची मान कापली असेल, तर तिचा वरचा तुकडा आणि त्याभोवतीची रबरी कडी गिअरबॉक्सच्या भोकातच राहते. तुकडा पकडीने सहज निघतो. कडी मात्र काळी, ऑइलने माखलेली आणि भोकाच्या भिंतीला चिकटलेली असल्यामुळे दिसतच नाही. ती आत राहिली आणि नव्या फिल्टरची कडी तिच्यावर बसवली, तर जोड नीट बंद होत नाही, पंप ऑइलबरोबर हवाही ओढू लागतो आणि सगळे नवे घालूनही गिअर घसरू लागतात. छोट्या आरशात आणि टॉर्चच्या उजेडात भोक पाहावे, करवतीचा एकही प्लॅस्टिकचा कण आत राहिलेला नाही याची खात्री करावी आणि मगच नवा फिल्टर अंगठ्यांनी दाबावा. पॅनचे बोल्ट टी४० मापाच्या टॉर्क्स बिटने, मधून कडेकडे आणि आलटून-पालटून समोरासमोरचे असे आवळायचे असतात, तेही १० न्यूटन मीटरच्या आसपास. याच गाडीच्या चाकाचे नट १४० न्यूटन मीटरने आवळतात, यावरून हा जोर किती हलका आहे हे लक्षात यावे. लहान मापाचा टॉर्क पाना नसेल तर तो आधी मिळवावा. हाताच्या अंदाजाने हे करू नये.

इथवरचे काम कष्टाचे असले तरी त्यात फारसा संभ्रम नाही. घोडे अडते ते ऑइल भरताना, आणि संचाचे सूचनापत्रक नेमके इथेच 'फिलर प्लगमधून ऑइल बाहेर येईपर्यंत भरा' एवढ्या एका ओळीत विषय संपवते. ही ओळ खोटी नाही, पण ती इतकी अर्धवट आहे, की तिचा अर्थ दोन-तीन प्रकारे लागू शकतो आणि त्यांतला एकच बरोबर आहे. इंजिन बंद असताना भोकातून ऑइल बाहेर आले, म्हणजे पॅन भरला इतकेच. इंजिन सुरू होताच पंप त्यातले बरेचसे ऑइल उचलून टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि वरच्या वाहिन्यांत पाठवतो आणि पॅनमधली पातळी झपाट्याने खाली जाते. म्हणून इंजिन बंद असताना भरायचे, प्लग हाताने लावायचा, इंजिन सुरू करून लगेच पुन्हा भरायचे आणि मग ब्रेक दाबून ठेवून प्रत्येक गिअर काही सेकंद धरत आर (मागे), डी (पुढे) आणि परत पी (पार्क) अशी फेरी करायची. या कामाला दुसरा माणूस गाडीत बसलेला हवा. पेडलवर वीट ठेवून हे करू नये.

त्यानंतर येते तापमान. या गिअरबॉक्सची अंतिम पातळी इंजिन सुरू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना ठरवायची असते. ४० च्या आसपास ती पक्की केली की चूक होण्याचे भय उरत नाही. हे एवढे काटेकोर का, हे थोड्या हिशेबाने कळते. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के फुगते आणि या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे दहा लिटर ऑइल असते. गाडी नुकतीच चालवून आणली आहे, ऑइल ८० अंशांवर आहे आणि त्या वेळी 'बाहेर आले, झाले' म्हणून प्लग लावला, तर ४० अंशांच्या हिशेबाने जवळजवळ ३०० मिलिलिटर ऑइल कमी राहते. चढावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला गेले की फिल्टरचे तोंड उघडे पडू शकते, आणि डी टाकल्यावर क्षणभर काहीच न होता मग धक्क्याने गाडी निघणे, ही तक्रार सुरू होते. उलट अगदी थंड ऑइलवर पातळी ठरवली तर ते जास्त होते, फिरत्या भागांत घुसळले जाते, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. ज्या दिवशी हवाच तापलेली असेल त्या दिवशी हे काम पहाटे करावे, नाहीतर सुरुवातीलाच ऑइल तिशीच्या वर असते आणि दोन गिअर फिरवेपर्यंत मर्यादा निघून जाते.

हे तापमान मोजायचे कशाने, याबद्दलही संच गप्प आहे. सर्वसाधारण ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचणारे उपकरण) इंजिनच्या कूलंटचे तापमान दाखवतो. गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान पाहायला त्या गाडीच्या प्रणालीशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. तो नसल्यास काही जण इन्फ्रारेड थर्मामीटर पॅनवर रोखतात. रंग दिलेल्या पॅनवर तो बऱ्यापैकी चालतो, पण उघड्या चकचकीत धातूवर तो खरे तापमान दाखवत नाही, बहुतेक वेळा बरेच कमी दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता फार थोडी उत्सर्जित करतो. पॅनवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजले तर आकडा पुष्कळ विश्वासार्ह होतो. तरीही माझे मत असे आहे, की या कामासाठी स्कॅनर हा चैनीचा भाग नाही. पॅनइतकाच तो आवश्यक आहे, आणि तो मिळत नसेल तर संच विकत घेण्याची घाई करू नये. ४० अंशांना भोकातून येणारी धार बारीक होऊन थेंबांवर आली, की इंजिन चालू असतानाच प्लग ३५ न्यूटन मीटरने आवळायचा. एक्झॉस्ट तोवर तापलेला असतो, त्यामुळे लांब हातमोजे घालावेत.

स्कॅनरचा दुसरा उपयोग काम झाल्यावर होतो. हा गिअरबॉक्स आपल्या क्लचची झीज ओळखून प्रत्येक गिअरसाठी दाब आणि वेळ यांचे आकडे साठवत असतो. ते आकडे जुन्या, पातळ झालेल्या ऑइलच्या सवयीचे असतात. ते पुसून नव्याने शिकू दिले तर सुरुवातीला गिअर थोडे ओबडधोबड पडतात आणि मग हळूहळू सुधारतात. या काळात पेडल हलके आणि एकसारखे दाबून सगळ्या गिअरमधून वर-खाली जात राहावे. माझ्या गाडीत सर्वांत स्पष्ट फरक पडला तो थांबता थांबता दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना बसणाऱ्या धक्क्यात. तो जवळजवळ नाहीसा झाला. तिसऱ्या-चौथ्यातला बदल पूर्वीही चांगला होता आणि तसाच आहे. बेताच्या वेगाने, पेडल जेमतेम दाबलेले असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी जी थरथर जाणवायची ती कमी झाली, गेली नाही. ही थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची असते. ताज्या ऑइलने तिला काही काळ आराम पडतो, पण क्लचचे अस्तर झिजलेले असेल तर कन्व्हर्टर उतरवण्याला पर्याय नाही. संचाच्या जाहिरातीत 'थरथर थांबते' असे सरसकट लिहिले आहे, ते मान्य करता येत नाही.

मेकाट्रॉनिक आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये रबराचा एक जोडतुकडा आणि काही नळ्यांची सीलेही असतात, ज्यांतून दाब गळू लागला की डी किंवा आर उशिरा लागतो किंवा गिअर बदलताना इंजिनचा आवाज मध्येच चढतो. ती या संचात नाहीत आणि त्यासाठी मेकाट्रॉनिक संपूर्ण उतरवावे लागते. ज्यांच्या गाडीत ही लक्षणे आधीपासून आहेत, त्यांनी ती सीले स्वतंत्रपणे मागवून एकाच खेपेस काम करावे, पण ते पाठीवर झोपून, धूळ पडणाऱ्या जागेत करण्याचे काम नव्हे. आणि ज्या गाडीत गिअर उघडपणे घसरतो, ऑइलला जळका वास आहे आणि चुंबकांवर धातूचे कण आहेत, तिच्यासाठी हा संच घेऊच नये.

सात बाटल्यांबद्दलही एक गोष्ट संच विकणाऱ्याने सांगायला हवी होती. पॅनमधून सहा लिटर निघते, पण उरलेले चार लिटर कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये जुनेच राहते, म्हणजे पहिल्या खेपेनंतर गिअरबॉक्समध्ये नव्या ऑइलचा वाटा सुमारे ६० टक्केच असतो. काही हजार किलोमीटरनंतर केवळ ड्रेन प्लग उघडून पुन्हा तेवढेच बदलता आले तर तो ८४ टक्क्यांपर्यंत जातो. पॅन न उतरवता निघणारे ऑइल थोडे कमी असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा खालीच राहतो. स्टीलच्या पॅनचा ड्रेन प्लग धातूचा असल्यामुळे ही दुसरी खेप त्रासाची नाही, मात्र पातळी आणि तापमानाचा सगळा विधी तेव्हाही जसाच्या तसा करावा लागतो. म्हणून संच मागवतानाच त्याच ऑइलच्या आणखी सहा बाटल्या आणि फिलर प्लगचे एक जादा सील घ्यावे, आणि काढलेले जुने ऑइल त्याच रिकाम्या बाटल्यांत भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. किती काढले आणि किती घातले याचा ताळाही त्या बाटल्या मोजूनच लागतो.